डाव्या बाजूची काच

१

रय्याचा डावा गाल पुन्हा भाजला होता.

उजवा गाल नितळ होता. डाव्या गालावर मात्र कानापासून नाकापर्यंत लालभडक चट्टा उठला होता, आणि डाव्या हाताच्या पाठीवरही तसाच. इब्रीच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि चेहरा गंभीर केला.

"तुझा ल्युपस पुन्हा उचल खातोय. आता जोरदार गोळ्या सुरू कराव्या लागतील. त्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो, पण इलाज नाही. आणि ती शाळा सोड बाई. रोज वाळवंटातून एवढं लांब गाडी चालवायची, हे तुझ्या कातडीला झेपणारं नाही."

या आजारामुळे रय्याला ऊन सोसत नसे, ते लग्नाच्या आधीपासून. तरी ती तीन वर्षं त्याच रस्त्याने दक्षिणेकडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला जात होती, आणि त्या तीन वर्षांत तिच्या अंगावर एकही चट्टा उठला नव्हता. तिने गाडीच्या चारही बाजूच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म निवडून लावून घेतली होती, तीही डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून, नेहमीपेक्षा गडद. मग रमजान ईद झाली आणि त्याच आठवड्यापासून हे सुरू झालं. उपासांचा शीण असेल, असं घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं.

परतताना रय्याची गाडी जुवैनाआत्या चालवत होती. जुवैना ही रय्याच्या वडिलांची बहीण. विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता ती निवृत्त होऊन नजवाला राहत होती, आणि भाचीचा फोनवरचा रडवेला आवाज ऐकून कालच आली होती.

"गोळ्या, नोकरी, सगळं सोडून देईन मी," रय्या म्हणाली. "थकले आता."

आत्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा होता तो.

"काय झालं, आत्या?"

"मागच्या वर्षी हीच गाडी मी भर दुपारी मस्कतपर्यंत नेली होती. तेव्हा हा चष्मा पाण्यासारखा स्वच्छ राहिला होता." तिने चष्मा रय्याच्या पुढे धरला. भिंगं धुरकट काळी झाली होती. "आज हा काळा का झाला, ते मला आधी समजलं पाहिजे. गोळ्यांचं नंतर बघू."

२

घरी पोचल्यावर आत्याने गाडी अंगणात अशी उभी केली की उजव्या काचांवर थेट ऊन पडावं. आत बसून तिने चष्मा पुढच्या उजव्या काचेला टेकवून धरला. भिंगं स्वच्छच राहिली. मागची उजवी काच, तेच. मग तिने गाडी वळवली आणि मागची डावी काच उन्हात घेतली. भिंगं स्वच्छ.

शेवटी चालकाची काच, पुढची डावी; इकडे चालक डावीकडे बसतो. मनात थोडे आकडे मोजून होतात न होतात तोच भिंगं काळवंडली.

रय्या बाहेर उभी राहून बघत होती. "पण आत्या, सगळ्या काचा सारख्याच काळ्या आहेत की! रोज बघते मी. इकडचा काळा आणि तिकडचा काळा, काडीचा फरक नाही."

"डोळ्यांना फरक नाही. तुझ्या कातडीला आहे." आत्या खाली उतरली. "भाजणारं ऊन डोळ्यांना दिसत नाही, पोरी, पण हा चष्मा त्यानेच काळा होतो. रंगवलेला स्वस्त प्लास्टिकचा कागद लावला तरी काच काळी दिसते. आत सावलीही पडते, आणि माणूस निर्धास्त बसतो. आता सांग, सकाळी शाळेत जाताना ऊन कुठल्या बाजूला असतं?"

"दक्षिणेला जाते म्हणजे... डाव्या."

"आणि परत येताना?"

"पश्चिमेला कललेलं असतं. तेही डाव्याच." रय्याचा हात आपसूक गालाकडे गेला.

"म्हणजे जाता-येता तू या एका काचेच्या पलीकडे उघडीच बसलेली असतेस. ईदेपासून."

ओट्यावर रय्याच्या सासूबाई, शेख़ाअम्मा, खजुरांचं ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातातला खजूर ताटात पडला. त्या उठल्या आणि आत निघून गेल्या. रय्याचा दोन वर्षांचा मुलगा बदर त्यांच्या मागे धावला, पण त्यांनी त्याला उचललं नाही. मोलकरणीला हाक मारून म्हणाल्या, "याला घे गं. माझे गुडघे दुखताहेत."

आत्याने ते पाहिलं. रय्याला त्याची सवय झाली होती.

३

फिल्मवाल्या सुलैमानचं दुकान औद्योगिक वस्तीत होतं. सुलैमान बलोच जाडजूड गडी होता, बोलायला मोकळा आणि अपमान झाला की लाल होणारा.

"मावशी, माझ्या दुकानात नकली माल? अल्लाची शपथ, हे ऐकण्यापेक्षा मी दुकानाला कुलूप लावीन!"

"लाव की. पण आधी ही काच बघ."

तो पुटपुटत गाडीपाशी आला. फिल्मच्या कडेवरून त्याने नख फिरवलं, काच अर्धी खाली घेतली, वरची धार पाहिली. त्याचं पुटपुटणं थांबलं.

"हे माझं काम नाही. मी कड गोल कापतो, ही सरळ कापलीय. आणि फिल्म तर... छे, ही फिल्म म्हणजे फुग्याचं रबर." मग तो खाली बसला आणि काचेचा कोपरा पुसला. तिथे कंपनीचा बारीक शिक्का कोरलेला होता. उरलेल्या तिन्ही काचांवरचे शिक्के त्याने पाहिले. ते एकसारखे होते. हा वेगळा.

"मावशी, नुसती फिल्म नाही बदललेली. काचच दुसरी आहे."

रय्याला काही सुधरेना. "माझ्या गाडीची काच कुणीतरी बदलली आणि मला पत्ता नाही?"

"पत्ता लागू नये म्हणूनच एवढा खटाटोप केलाय," आत्या म्हणाली. "सुलैमान, बाकीच्या काचांइतकाच काळा रंग जुळवायला किती त्रास पडतो?"

"बराच. नमुने काचेला लावून लावून बघावे लागतात. ज्याने केलं त्याने घाईत केलं नाही. डोळ्यात तेल घालून केलंय."

गाडीत बसल्यावर रय्याने पट्टा लावला. मग समोर बघत म्हणाली, "आत्या, हारिब कधीचा मागे लागलाय. शाळा सोड, शाळा सोड. मी आजारी पडले तर सोडावीच लागेल ना?"

हारिब म्हणजे तिचा नवरा. तो तेलाच्या विहिरींवर कामाला होता, पंधरवडा तिकडे आणि पंधरवडा घरी. परवाच तो कामावर गेला होता.

आत्याने गाडी सुरू केली. "घरी चल," एवढंच म्हणाली.

४

त्या संध्याकाळी रय्याने ताट तसंच झाकून ठेवलं. नवऱ्याचा फोन आला तो तिने उचलला नाही. ज्याच्याबरोबर संसार केला तो आपली कातडी मुद्दाम जाळेल, हे मनात आणायलाही तिला लाज वाटत होती. पण एकदा आलेला विचार हटायला तयार नव्हता.

आत्या मात्र अंगणात, चालकाची खुर्ची मागे सरकवून, हातात विजेरी आणि चिमटा घेऊन गाडीत वाकून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने रय्याला हाक मारली. तिच्या तळहातावर काचेचे चारपाच दाणे होते, साबुदाण्याएवढे.

"आधी तुझ्या डोक्यातला तो भुंगा बाहेर काढते," ती म्हणाली. "फक्त तुला भाजावं असं कुणाला वाटलं असतं, तर त्याने फिल्म सोलून दुसरी लावली असती. काच कशाला बदलेल? काच बदलली कारण ती फुटली होती. फुटलेलं लपवायचं होतं म्हणून रंग जुळवला. नुसता रंग ऊन अडवत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. तुझ्या वाईटावर कुणी नाही, रय्या. नवऱ्याला फोन कर."

रय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं, आणि मग तिला राग आला. "मग काच फुटली हे मला सांगायला काय झालं होतं? मी काय कुणाला खाल्लं असतं?"

"आता कसं नेमकं बोललीस. काच फुटली ही लपवण्यासारखी गोष्ट नाही. म्हणजे ती का फुटली, हे लपवायचंय." आत्याने दाणे रुमालात बांधले. "तुझ्याशिवाय आणि हारिबशिवाय ही गाडी कोण चालवतं?"

"मुंधिर," रय्या म्हणाली. तो तिचा धाकटा दीर.

५

मुंधिर कॉलेजातून आला तो शीळ घालतच. आत्याने त्याला समोर बसवलं आणि कहव्याचा पेला हातात दिला.

"डाव्या पुढच्या काचेचं काय झालं होतं रे?"

शीळ बंद. त्याने वहिनीकडे पाहिलं, मग पेल्यात. "ते होय? ट्रकखालून दगड उडाला. मी चालवत होतो. वहिनी ओरडेल म्हणून गुपचूप बदलून घेतली. चुकलं माझं, वहिनी."

"चालवत होतास. म्हणजे खुर्चीवर होतास."

"मग काय, छपरावर?"

"काचेचा चुरा कुठे पडला?"

"सगळा माझ्या अंगावर!"

"मग हे दाणे," आत्याने रुमाल उघडला, "खुर्चीच्या पाठीच्या आणि बैठकीच्या खाचेत, अगदी तळाशी कसे गेले? तिथे तर तुझी पाठ टेकलेली असणार. खुर्ची रिकामी असताना ते आत घरंगळलेत, बाळा. गाडी उभी होती आणि आत कुणी चालक नव्हता. बाहेरून कुणीतरी काच फोडली."

मुंधिरने पेला खाली ठेवला. "चोर असेल. चोरच होता. मला आठवतं..."

"काय चोरलं?"

"काही नाही. पळाला."

"चोर आपल्याला हव्या त्या वस्तूजवळची काच फोडतो. हा गडी पुढची डावी फोडतो. बदरची खुर्ची गाडीत कुठे बसवलेली आहे, रय्या?"

"मागे. उजवीकडे." रय्याचा आवाज बदलला.

"म्हणजे बदरपासून सगळ्यात लांबची काच कुठली?"

आत्या हळू आवाजात पुढे म्हणाली, "मी जन्मभर फुटलेल्या काचा पाहिल्या. लांबची काच तोच फोडतो, ज्याला भीती असते की चुरा आतल्या कुणाच्या तरी अंगावर पडेल. आणि तोच फोडतो, ज्याच्याकडे किल्ली नसते. म्हणजे तो परका माणूस होता. किल्लीवाला तिथे नव्हता."

रय्या उठून उभी राहिली होती. "मुंधिर. माझं पोर बंद गाडीत होतं?"

मुंधिरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीच विसरलो, वहिनी. मीच. काय शिक्षा द्यायची ती मला दे."

"खोटं बोलतोय तो," दारातून आवाज आला.

शेख़ाअम्मा चौकट धरून उभ्या होत्या.

६

"विहीणबाई, त्याला सोडा. तो दीड महिना माझ्यासाठी खोटं बोलतोय."

त्या खाली बसल्या आणि हात मांडीवर ठेवून सांगू लागल्या. रमजान ईदेच्या आधीचा हबता भरला होता, बकऱ्यांचा मोठा बाजार. रय्या तपासणीसाठी नवऱ्याबरोबर मस्कतला गेली होती, ती त्याच्या कंपनीच्या गाडीतून. तिच्या गाडीतून अम्मा, मुंधिर आणि बदर या तिघांनी बाजार गाठला. माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती.

"मुंधिर उतरला तो थेट बकऱ्यांच्या रिंगणाकडे. किल्ली त्याच्या खिशात. जाताना म्हणाला, अम्मा, बदरला घेऊन ये. अल्लाची शपथ, मी ऐकलं ते 'बदरला घेऊन जातो' असं. मी दार लोटलं आणि मसालेवाल्या बायकांकडे गेले. मला वाटलं पोर काकाच्या खांद्यावर आहे. त्याला वाटलं पोर माझ्या कडेवर आहे. आणि किल्ली लांब गेली तशी दारं आपोआप लागली."

"किती वेळ?" रय्याने विचारलं.

"मला विचारू नकोस. मला माहीत नाही. मला रोज रात्री तो वेगळा वाटतो."

मुंधिरने पुढचं सांगितलं. "वाळवंटातल्या टोळीतला एक म्हातारा बदू होता, बकऱ्या विकणारा. त्याला रडणं ऐकू आलं, तर त्याला वाटलं कुणीतरी बकरीचं पिल्लू गाडीत कोंडलंय. शिव्या देत आला. काचेला तोंड लावलं, तर आत काही दिसेना. स्वतःची दाढीच दिसली, म्हणाला. मग पुढच्या मोठ्या काचेतून वाकून बघितलं, तर मागे दोन छोटे पाय. धोंडा उचलून त्याने काच फोडली. आम्ही पोचलो तेव्हा त्याने बदरला पाण्याच्या पखालीखाली धरलं होतं. त्याने मला एक कानाखाली दिली. अम्माकडे बघून थुंकला आणि आपल्या बकऱ्यांकडे निघून गेला. आम्ही बदरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर बाहेर काढलं म्हणून."

"मुंधिरला मीच शपथ घातली," अम्मा म्हणाल्या. "बुरैमीला जाऊन त्याने काच घालून आणली. मला वाटलं, तुला कळलं तर तू पोराला माझ्यापाशी ठेवणार नाहीस. मग वाटलं, ठेवूच नये. त्याला उचलणंच सोडलं मी. आणि तुझ्या तोंडावर ते डाग आले तेव्हा वाटलं, माझं पाप तुझ्यावर उठतंय. आज विहीणबाईंनी चष्मा काचेला लावला आणि कळलं, खरंच माझंच होतं ते."

दीड महिना रय्याला वाटत होतं की अम्मांना आपल्या आजाराची किळस येते, म्हणून त्या नातवालाही शिवत नाहीत. गाडीचं दार लागलं की बदर किंचाळतो, तो हट्टीपणा म्हणून तिने त्याला दोनदा रागावलं होतं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "काचेचं नाही. त्याचं. त्याला कशाची भीती वाटते, ते त्याच्या आईला माहीत नको?"

अम्मांनी मान खाली घातली. रय्याने झोपलेल्या बदरला उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

७

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. हारिब सुट्टी काढून आला. त्याने आईला काही विचारलं नाही आणि बायकोला गप्प बस असंही सांगितलं नाही. आत्या नजवाला जायचं नाव काढत नव्हती. "काच बदलल्याशिवाय मी हलत नाही," ती म्हणाली.

मग एका सकाळी रय्याने ओढणी डोक्यावर घेतली आणि सासूच्या दारात उभी राहिली.

"अम्मा, चला. फिल्म निवडायची आहे."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला पाहिजे. बदर तुमच्याबरोबर जाणार आहे त्या गाडीतून. पुढेही."

अम्मा लगबगीने उठल्या. मग चपला शोधू लागल्या. त्या त्यांच्या पायातच होत्या.

सुलैमानने नमुने मांडले, काजळापासून फिकट चहाच्या रंगापर्यंत. सगळ्यात काळा पुढे केला. "तुमच्या चिठ्ठीवर हा चालेल, ताई. आत कोण बसलंय, भुतालाही दिसायचं नाही."

"तेच नको मला," रय्या म्हणाली. "ऊन थांबलं पाहिजे आणि आतलं माणूस दिसलं पाहिजे. आहे असलं काही?"

सुलैमानने कपाटातून एक गुंडाळी काढली. फिल्म जवळजवळ पारदर्शक होती. "ही महाग पडते. लोक घेत नाहीत. म्हणतात, पैसे देऊन काळं झालंच नाही तर दिलं कशाला? पण भाजणारं ऊन ही तेवढंच अडवते, तुमच्या जुन्या फिल्मइतकं. उकाडा थोडा जास्त वाटेल, प्रकाशही येईल. पण चट्टा येणार नाही."

"बोलण्यावर जायचं नाही," आत्या म्हणाली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. तिने तो फिल्मच्या तुकड्याआड उन्हात धरला. तिघी बायका आणि सुलैमान वाकून भिंगांकडे बघत राहिले. भिंगं स्वच्छ राहिली. सुलैमानने छाती फुगवली.

"चारही काचांना हीच," रय्या म्हणाली. "नवी काचसुद्धा तूच बसव."

काम झाल्यावर तिने बदरला त्याच्या खुर्चीत बसवलं, अम्मांना त्याच्या शेजारी, आणि स्वतः गाडीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तिथून तिला नातवाच्या नाकातला शेंबूड पुसणारा आजीचा हात दिसला. ती परत आली आणि गाडी सुरू केली.

चट्टे लगेच गेले नाहीत. पण नवे उठले नाहीत, आणि बकरी ईद जवळ आली तोवर गाल नुसता तांबूस उरला होता. डॉक्टरीणबाईंनी जोरदार गोळ्या पुढे ढकलल्या. रय्या शाळेत जातच राहिली.

ईदेच्या आधीच्या हबत्याला सगळे एकत्र गेले. अम्मांना एकच काम होतं. त्यांनी बकऱ्यांच्या रिंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि एका खांबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यासमोर थांबल्या. पांढरी दाढी, हातात काठी, पायाशी तीन काळ्या बकऱ्या. त्याने वर पाहिलं. ओळख पटली तशी त्याच्या भुवया जवळ आल्या.

"तू ती बाई."

"हो," अम्मा म्हणाल्या. "मी ती बाई. ही त्याची आई. तिला सगळं माहीत आहे."

म्हाताऱ्याने रय्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या पोराकडे. काठी बाजूला ठेवली आणि हात पुढे केले. रय्याने बदरला दिलं. म्हाताऱ्याने त्याला काखेत धरून उचललं, जसं बकरीचं पिल्लू उचलतात तसं, आणि खालीवर करून वजनाचा अंदाज घेतला. बदरने त्याची दाढी धरली.

"चांगलं भरलंय," म्हातारा म्हणाला. "हे विकू नका."

अम्मांना आधी हसू आलं, आणि मग रडू. रय्याने त्यांचा हात धरला.